कॅलिब्रेट करूनही पाणी तपासायचा मीटर पुन्हा पुन्हा चुकतो, तेव्हा काय बघायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. पीएच मीटर ७ आणि ४ च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठरलेल्या द्रावणात) बुडवून कॅलिब्रेट केला, दोन्हीकडे आकडा बरोबर आला. दोन दिवसांनी त्याच टाकीचं पाणी तपासलं तर ७.६ च्या जागी ८.१. पुन्हा कॅलिब्रेट केलं, पुन्हा ७.६. आठवडा गेला की परत तेच. मग कुणी सेल बदलायला सांगतं, कुणी मीटरच बदलायला, आणि कुणी म्हणतं की हातातले मीटर असेच असतात, फार मनावर घेऊ नका.

मनावर घ्यायला हवं असं मला वाटतं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा, आणि त्याची मोजपट्टी लॉगरिदमची आहे. ०.३ चा फरक म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण जवळपास दुप्पट किंवा निम्मं. अशा आकड्यावर कुणी पाण्यात औषध टाकतं, कुणी माशांच्या टाकीतलं पाणी बदलतं. आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

कॅलचं बटण दाबण्याआधी

रीडिंग चुकतंय असं वाटलं की हात पहिल्यांदा कॅलच्या बटणाकडे जातो. तिथेच थांबा. कॅलिब्रेशन म्हणजे मीटरला सांगणं, "आत्ता जो व्होल्टेज येतोय त्याला ७ म्हण." मीटर ते ऐकतो आणि जुनी नोंद पुसून टाकतो. दोष कुठे होता याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. आजारी इलेक्ट्रोडलाही (मीटरच्या पाण्यात बुडणाऱ्या, मोजणाऱ्या भागालाही) बफरमध्ये ७.०० दाखवायला लावता येतं. तो दोन दिवसांनी पुन्हा सरकतो, कारण आजार तसाच असतो.

म्हणून आधी फक्त मोजा. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि मऊ टिश्यूने पाणी टिपून घ्या. घासू नका, घासल्याने टोकाच्या काचेच्या फुग्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि रीडिंग बराच वेळ हलत राहतं. मग ७ चा ताजा बफर छोट्या पेल्यात काढून त्यात इलेक्ट्रोड दोन मिनिटं ठेवा. आकडा, बफरचं तापमान आणि आकडा स्थिर व्हायला लागलेला वेळ लिहा. तेच ४ मध्ये करा, तेच १० मध्ये. कॅल दाबायचं नाही.

हे तीन आकडे बरंच सांगून जातात. ७ बरोबर आहे पण ४ आणि १० दोन्ही ७ च्या दिशेला ओढले गेलेत, म्हणजे ४ च्या जागी ४.३ आणि १० च्या जागी ९.७, तर इलेक्ट्रोडची संवेदनशीलता कमी झाली आहे. तिन्ही आकडे एकाच दिशेला साधारण सारखेच सरकलेत, तर ऑफसेट, म्हणजे मोजणीचा शून्यबिंदू, बिघडला आहे. दोष बहुधा संदर्भाच्या बाजूला, म्हणजे इलेक्ट्रोडच्या ज्या भागाच्या तुलनेत व्होल्टेज मोजला जातो तिथे आहे, नाहीतर मागच्या वेळी चुकीच्या बफरवर कॅलिब्रेशन झालंय. ७ आणि ४ बरोबर आणि फक्त १० चुकतोय, तर आधी १० च्या बाटलीवर संशय घ्या. बफर तिन्ही बरोबर आणि पाण्याचंच रीडिंग पटत नसेल, तर मीटरपेक्षा पाणी आणि तुमची मोजायची पद्धत बघायला हवी.

बफर: जिथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो

एकदा माझ्या मीटरचा स्लोप, म्हणजे आदर्शाच्या तुलनेत इलेक्ट्रोडची संवेदनशीलता, हळूहळू उतरायला लागला. आधी ९७ टक्के, मग ९५, मग ९३. इलेक्ट्रोड म्हातारा झाला असं मी धरून चाललो, तो साफ केला, भिजत ठेवला, शेवटी नवा आणून लावला. नव्यानेही जवळपास तोच आकडा दाखवला. तेव्हा कुठे लक्षात आलं की दोन्ही इलेक्ट्रोड ठीक होते आणि १० च्या बफरची बाटली खराब होती.

१० चा बफर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा पीएच खाली येत जातो. बाटली वारंवार उघडली, झाकण सैल राहिलं की हे लवकर होतं. समजा तो खरोखर ९.८० वर आला आहे आणि तुम्ही मीटरला सांगताय की हा १०.०१ आहे. इलेक्ट्रोडने २.८० पीएचइतका व्होल्टेज दिला, मीटरने तो ३.०१ वर वाटला, आणि निरोगी इलेक्ट्रोडचा स्लोप ९३ टक्के निघाला. वर ज्या पाण्याचा खरा पीएच ८.५ आहे त्याचं रीडिंग ८.६ यायला लागतं.

हे पकडायची साधी युक्ती आहे. मीटर फक्त ७ आणि ४ वर कॅलिब्रेट करा. मग १० चा बफर नमुन्याच्या पाण्यासारखा मोजा. ९.८ आला तर नवीन बाटली उघडा आणि तीही तशीच मोजा. नवीन बाटलीत १०.० आला तर प्रश्न संपला. नवीन बाटलीतही ९.८ च येत असेल, तर मग इलेक्ट्रोडकडे वळा.

दुसरी चूक याहून जास्त दिसते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बफरचे दोन संच प्रचारात आहेत: ४.०१, ७.०० आणि १०.०१ हा एक, आणि ४.०१, ६.८६ आणि ९.१८ हा दुसरा. पेनसारख्या लहान मीटरबरोबर येणाऱ्या पावडरच्या पुड्या बऱ्याचदा दुसऱ्या संचातल्या असतात. मीटर पहिल्या संचावर लावलेला असेल आणि तुम्ही ६.८६ च्या द्रावणात कॅलचं बटण दाबलंत, तर मीटर त्याला जवळचा ७.०० समजून स्वीकारतो. त्यानंतर प्रत्येक रीडिंग सुमारे ०.१४ ने जास्त येतं. पुढच्या वेळी ७.०० ची बाटली वापरली की आकडा एकदम खाली उतरतो आणि मीटर अस्थिर आहे असं वाटतं. आलटून पालटून वेगळे बफर वापरणाऱ्यांची "दर आठवड्याला सरकतो" ही तक्रार कित्येकदा इतकीच असते. मीटरच्या सेटिंगमध्ये बफरचा संच निवडता येत असेल तर तो पुडीशी जुळवा. येत नसेल तर मीटरच्या पुस्तिकेत दिलेलाच संच वापरा.

बफरचा पीएच तापमानाबरोबर थोडा बदलतो, हेही ध्यानात असू द्या. ७.०० हा आकडा २५ अंशांचा आहे. २० अंशांना तोच बफर ७.०२ च्या आसपास असतो. १० च्या बफरमध्ये फरक जास्त पडतो, २५ अंशांना १०.०१ तर २० अंशांना सुमारे १०.०६. तापमान मोजणारा मीटर हे आपोआप सांभाळतो. साध्या मीटरला बाटलीवरच्या तक्त्यातला आकडा हाताने द्यावा लागतो.

वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नका. पेल्यातला एकदा वापरून टाकून द्या. पावडर विरघळवताना डिस्टिल्ड वॉटरच घ्या, नळाचं नको. पाणी थोडं कमीजास्त झालं तर पीएच बफरला फारसा फरक पडत नाही, कारण बदलाला विरोध करणं हेच बफरचं काम. टीडीएस (विरघळलेले क्षार) किंवा ईसीच्या (विद्युतवाहकतेच्या) मानक द्रावणाला ही सवलत नाही: दहा टक्के पाणी जास्त पडलं की आकडा जवळपास तितक्याच प्रमाणात खाली येतो.

इलेक्ट्रोडची तब्येत आकड्यात

तुमच्या मीटरवर मिलिव्होल्ट दाखवायची सोय असेल तर ती जरूर वापरा. आदर्श इलेक्ट्रोड ७ च्या बफरमध्ये ० मिलिव्होल्ट देतो आणि २५ अंशांना प्रत्येक पीएच एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट बदलतो. आम्लाकडे व्होल्टेज धन होत जातो, अल्कधर्माकडे ऋण.

समजा ७ मध्ये उणे ८ मिलिव्होल्ट आले आणि ४.०१ मध्ये १५८. फरक १६६. तो २.९९ ने भागला की ५५.५ मिलिव्होल्ट प्रति पीएच, म्हणजे आदर्शाच्या सुमारे ९४ टक्के. हा इलेक्ट्रोड कामाचा आहे. याउलट ७ मध्ये १२ आणि ४.०१ मध्ये १५० आले, तर फरक १३८, म्हणजे ४६ च्या आसपास, ७८ टक्के. असा इलेक्ट्रोड कॅलिब्रेशन कदाचित स्वीकारेल, पण टिकणार नाही. ९२ च्या वर असेल तर मी निश्चिंत असतो. ८५ ते ९२ मध्ये साफसफाई करून पुन्हा बघतो. ७ च्या बफरमधला व्होल्टेज शून्यापासून ३० मिलिव्होल्टपेक्षा लांब गेला असेल, तर स्लोप चांगला दिसला तरी संदर्भाचा भाग तपासतो.

बिघाडाची मुळं दोन जागी असतात. पहिली काचेचा फुगा. त्याच्या पृष्ठभागावर पाणी शोषलेला एक पातळ थर असतो आणि मोजणी त्याच थरावर होते. इलेक्ट्रोड कोरडा ठेवला की तो थर सुकतो, प्रतिसाद मंदावतो, आकडा मिनिटामिनिटाला सरकत राहतो. दुसरी जागा म्हणजे जंक्शन, फुग्याशेजारचा छोटा पांढरा सच्छिद्र ठिपका किंवा कापडी वात. आतलं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण तिथून अगदी हळू बाहेर झिरपतं आणि पाण्याशी विद्युत संपर्क राखतं. तिथे क्षार, तेल किंवा शेवाळ बसलं की संपर्क तुटकतुटक होतो.

त्यामुळे इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायची सवय मोडा. ती चांगल्या हेतूनेच लागलेली असते, स्वच्छ पाणी म्हणजे सुरक्षित असं वाटतं. पण शुद्ध पाणी आतलं पोटॅशियम क्लोराइड बाहेर ओढून घेतं आणि इलेक्ट्रोड आतून रिकामा होत जातो. टोपीतल्या स्पंजवर साठवणीच्या द्रावणाचे काही थेंब ठेवा. हे द्रावण साधारणपणे ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात २२.४ ग्रॅम. तेही हाताशी नसेल तर तात्पुरता ४ चा बफर चालतो. टोपीबाहेर पांढरे स्फटिक जमलेले दिसले तर घाबरू नका, ते द्रावण सुकून राहिलेलं मीठ आहे, धुतलं की जातं.

सफाई कशाने करायची ते घाणीवर ठरतं. कठीण पाण्याचा पांढरा थर असेल तर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दहा-पंधरा मिनिटं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. तेलकटपणा असेल तर भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे थेंब घातलेलं कोमट पाणी. शेवाळ किंवा जिवाणूंचा चिकट थर असेल तर अगदी पातळ ब्लीच, थोडा वेळ. आम्ल आणि ब्लीच एकापाठोपाठ किंवा एकत्र कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

यानंतर एक चूक हमखास होते. इलेक्ट्रोड साफ केला, धुतला आणि लगेच कॅलिब्रेट केला. आम्लातून बाहेर आलेला फुगा आणि जंक्शन तेव्हा स्थिरावलेले नसतात. त्या क्षणी कॅलिब्रेशन बरोबर दिसतं आणि पुढच्या काही तासांत इलेक्ट्रोड सावरतो तसतसं चुकायला लागतं. साफ केल्यावर निदान एक तास साठवणीच्या द्रावणात ठेवा, बराच काळ कोरडा राहिला असेल तर रात्रभर. मग कॅलिब्रेट करा.

एवढं करूनही आकडा उगाच इकडे तिकडे उडत असेल आणि इलेक्ट्रोड वायरने जोडलेला असेल, तर जोडणीची पिन बघा. काचेच्या फुग्याचा रोध शेकडो मेगाओहममध्ये असतो. जोडणीत ओलावा आला की विद्युतप्रवाहाला तिथून सोपी वाट मिळते आणि रीडिंग बिघडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पेन मीटरच्या सेलच्या कप्प्यातही पाणी शिरतं, झाकणाची रबरी रिंग तपासा. आणि हो, सेलही बदला.

बफरमध्ये बरोबर, पाण्यात चूक

सगळ्यात जास्त गोंधळ होतो आरओच्या, पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात. अशा पाण्यात आयन इतके थोडे असतात की जंक्शनला नीट संपर्क मिळत नाही. आकडा पाच-पाच मिनिटं सरकत राहतो, ढवळलं की वेगळा, थांबलं की वेगळा. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी स्वतःच आम्लाकडे झुकतं. हवेत उघडं राहिलेलं शुद्ध पाणी ५.६ च्या आसपास येणं हे त्याचं खरं रीडिंग आहे. ते ७ आलं नाही म्हणून मीटरला दोष देऊन डिस्टिल्ड वॉटरमध्येच "७" वर कॅलिब्रेट करणारे मी पाहिलेत. त्यानंतर त्यांचं प्रत्येक रीडिंग एकापेक्षा जास्त एककाने वर गेलं. कमी क्षारांच्या पाण्यासाठी भांडं झाकून, न ढवळता, धीराने थांबा. गरज पडली तर शुद्ध पोटॅशियम क्लोराइडची चिमूट घालून आयन वाढवा.

तापमान भरपाईबद्दलही एक गैरसमज आहे. मीटरवर "एटीसी" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मीटर इलेक्ट्रोडचा स्लोप तापमानानुसार बदलून घेतो, १० अंशांना ५६.२ मिलिव्होल्ट, ४० अंशांना ६२.१. पाण्याचा स्वतःचा पीएच थंडगरम झाल्यावर खरोखर बदलतो, तो एटीसी दुरुस्त करत नाही, करूही नये. गार पाण्याचं सकाळचं रीडिंग आणि तापलेल्या पाण्याचं दुपारचं रीडिंग वेगळं आलं, तर त्यात मीटरची चूक असेलच असं नाही. मात्र गार पाण्यातून काढलेला इलेक्ट्रोड कोमट बफरमध्ये टाकून लगेच कॅल दाबलंत, तर तापमानाचा सेन्सर आणि फुगा अजून एकमेकांशी जुळलेले नसतात. पाच मिनिटं द्या.

टीडीएस आणि ईसी

इथे इलेक्ट्रोड साधा असतो, गडबड बहुतेक एककांची असते. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार थेट मोजतच नाही; तो विद्युतवाहकता मोजतो आणि एका गुणकाने गुणतो. कुणाचा गुणक ०.५ असतो, कुणाचा ०.७. १४१३ मायक्रोसीमेन्सच्या मानक द्रावणात पहिला ७०६ पीपीएम दाखवेल, दुसरा ९८९. दोन्ही बरोबर. १४१३ हा बाटलीवरचा आकडा बघून टीडीएसच्या पडद्यावर १४१३ आणायचा प्रयत्न केला, तर ०.५ गुणकाचा मीटर दुप्पट दाखवायला लागतो. शक्य असेल तेव्हा मीटर ईसीवर ठेवूनच कॅलिब्रेट करा.

तापमान इथे पीएचपेक्षा कितीतरी जास्त खेळतं, अंशामागे सुमारे दोन टक्के. २५ अंशांना १४१३ असलेलं द्रावण २० अंशांना १२७८ असतं. मीटरला तापमान भरपाई असेल तर तो २० अंशांच्या द्रावणातही १४१३ च दाखवायला हवा, त्याला १२७८ वर लावू नका. भरपाई नसेल तरच तक्त्यातला आकडा.

एक झटपट तपासणी: सळया कोरड्या करून मीटर हवेत धरा. शून्य दिसायला हवं. काही आकडा दिसला तर आत ओल आहे. द्रावणात आकडा कमी येत असेल तर सळयांमध्ये हवेचा बुडबुडा अडकला आहे का ते बघा, हळूच टिचकी मारा, आणि टोक भांड्याच्या भिंतीपासून व तळापासून दोनेक सेंटिमीटर दूर ठेवा. नमुन्याच्या पाण्याचे थेंब घेऊन मानक द्रावणात शिरू नका. आधी त्याच द्रावणाच्या थोड्या भागाने धुऊन तो भाग टाकून द्या.

विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मीटरबद्दल थोडक्यात. तो बाष्पाने भरलेल्या हवेत १०० टक्क्यांवर लावतात. समुद्रसपाटीच्या दाबाला गोड्या पाण्यात २५ अंशांना ८.२६ आणि २० अंशांना ९.०९ मिलिग्रॅम प्रति लिटर ही संपृक्त पातळी. उंचावर हवेचा दाब कमी असतो आणि तो मीटरला सांगितला नाही, तर मिलिग्रॅमचा आकडा दरवेळी जास्त येत राहतो. हजार मीटरवर हा फरक दहा टक्क्यांच्या पुढे जातो. सेन्सरच्या टोकाच्या पातळ पडद्यावर (मेम्ब्रेनवर) पाण्याचा थेंब किंवा आत बुडबुडा असेल तर कॅलिब्रेशन करू नका.

इलेक्ट्रोड कधी बदलायचा

ताजे बफर, नीट सफाई, रात्रभर भिजवणं, कोरडी जोडणी, नवे सेल. एवढं झाल्यावरही स्लोप ८५ टक्क्यांच्या वर येत नसेल, किंवा ७ च्या बफरमध्ये आकडा स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं लागत असतील, तर इलेक्ट्रोड संपला. रोजच्या वापरातल्या इलेक्ट्रोडचं आयुष्य साधारण एक ते दोन वर्षं असतं आणि न वापरताही तो झिजतो, त्यामुळे जास्तीचा घेऊन कपाटात ठेवण्यात फायदा नाही. फुग्याला बारीक चीर असेल तर ४, ७ आणि १० तिन्ही बफरमध्ये जवळपास एकच आकडा येतो. त्यावर कोणतीही सफाई चालत नाही.

नवा इलेक्ट्रोड आला की रात्रभर भिजवून ताज्या बफरमध्ये मोजा आणि पहिला स्लोप, पहिला ऑफसेट, तारीख हे वहीच्या नव्या पानावर लिहा. त्याखाली दरवेळी कॅल दाबण्याआधीचे आकडे, बफरच्या बाटलीची उघडल्याची तारीख आणि तापमान. माझ्या वहीत असं पान तेव्हा असतं, तर १० च्या बाटलीची उघडल्याची तारीख त्या उतरत्या स्लोपशेजारीच लिहिलेली दिसली असती, आणि चांगला इलेक्ट्रोड मी काढून ठेवला नसता.